घुमट, खिडक्या आणि सोन्याचे तुकडे: बायझंटाइन चर्चमधल्या उजेडाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्तंबूलहून परतलेली मंडळी हागिया सोफिया या सहाव्या शतकातल्या चर्चचे फोटो दाखवतात आणि दोन-चार फोटो झाले की एक वाक्य हमखास येतं: "पण फोटोत काही येत नाही हो." खरं आहे. तिथे जे बघायचं असतं ते मुळात हलतं असतं आणि फोटो एका जागी थांबलेला असतो. अशा बायझंटाइन चर्चविषयी लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळलोय.

बायझंटाइन म्हणजे नक्की कुठलं आणि कधीचं?

रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० साली बायझंटियम या जुन्या ग्रीक शहराच्या जागी नवी राजधानी थाटली. तिचं नाव कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी ती जिंकली. मधली अकराशे वर्षं तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवून घेत. 'बायझंटाइन' हे नाव साम्राज्य बुडाल्यावर पश्चिम युरोपातल्या विद्वानांनी रूढ केलं. ज्यांना ते चिकटवलं त्यांच्या कानावर ते कधी गेलंच नाही.

उजेडाचा विचार तर सगळ्याच चर्चमध्ये असतो. यांचं वेगळं काय?

फ्रान्समधलं एखादं गॉथिक कॅथीड्रल डोळ्यांसमोर आणा. तिथे खिडकी हेच चित्र असतं. रंगीत काच, मागून ऊन, आणि आपण खिडकीकडे बघत उभे. बायझंटाइन कारागिराला खिडकीकडे कुणी बघावं असं वाटतच नाही. त्याची खिडकी साध्या काचेची, बऱ्याचदा कमानीआड किंवा उंचावर, पटकन नजरेत न येणारी. उजेड तिथून शिरतो, सोन्याच्या किंवा संगमरवराच्या अंगावर पडतो आणि तिथून आपल्याकडे येतो. आपल्याला दिसतो तो उजळलेला पृष्ठभाग. उजेड आला कुठून ते कळत नाही.

सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस याने हागिया सोफिया नवीकोरी असताना पाहिली होती. त्याने लिहून ठेवलंय की ही जागा बाहेरच्या सूर्यामुळे उजळल्यासारखी वाटत नाही, तेज आतच जन्मतं आहे असं वाटतं. इटलीतल्या राव्हेन्नामध्ये बिशपच्या खासगी प्रार्थनागृहात याच काळाच्या आसपासचा एक लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा: एक तर उजेड इथेच जन्मला, नाहीतर त्याला इथे कोंडलंय आणि कोंडलेला असूनही तो मोकळेपणाने राज्य करतोय. दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या भाषांत लिहिणाऱ्यांना एकच गोष्ट सुचली, याचा अर्थ कारागिरांना जे साधायचं होतं ते साधलं होतं.

हागिया सोफियाचा घुमट अधांतरी असल्यासारखा का वाटतो? त्यात युक्ती काय आहे?

युक्ती एक नाही, चार-पाच आहेत, आणि त्या सगळ्या एकाच दिशेने काम करतात.

आधी आकडे. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर, जमिनीपासून उंची सुमारे ५५ मीटर. बांधकाम ५३२ मध्ये सुरू झालं आणि २७ डिसेंबर ५३७ ला चर्च उघडलं. सहा वर्षांच्या आत! ट्रॅलेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर हे रचनाकार. दोघेही गणिती, गवंडीकामातून वर आलेले नव्हेत. जानेवारी ५३२ मध्ये शहरात नीका नावाने ओळखली जाणारी दंगल झाली, तीत आधीचं चर्च जळालं. सम्राट जस्टिनियनचं सिंहासनही जाता जाता वाचलं होतं. त्यामुळे सम्राटाला घाई होती.

आता युक्त्या. घुमटाच्या पायथ्याशी ओळीने ४० खिडक्या आहेत, एकमेकींना जवळजवळ खेटून. दोन खिडक्यांमधला बांधकामाचा पट्टा अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंनी येणारा उजेड त्याच्या कडा खाऊन टाकतो. खालून बघताना खांब दिसत नाहीत, उजेडाची एक कडी दिसते आणि तिच्यावर घुमट. प्रोकोपियसला तो आकाशातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटला. गंमत म्हणजे या खिडक्या नुसत्या शोभेच्या नाहीत. घुमट आपल्या वजनाने पायथ्याशी बाहेर फाकू पाहतो आणि तडे तिथेच जातात. ज्या जागी तडा जायचा तिथे आधीच फट ठेवली, मधल्या पट्ट्यांना बाहेरून टेकू दिला, की घुमटाला थोडी मोकळीक मिळते. अडचण होती तिलाच त्यांनी दागिना केलं.

दुसरी युक्ती: ज्यांच्यावर भार आहे ते लपवले. घुमट चार अवाढव्य खांबांवर उभा आहे, पण ते बाजूच्या दालनांत मागे सरकवलेले आहेत आणि त्यांना संगमरवराचे पातळ तक्ते लावलेत. मधल्या दालनात उभं राहिलं तर समोर दिसते ती खांबांची नाजूक रांग. त्या रांगेवर घुमटाचा भार नाही.

तिसरी मला सगळ्यात आवडते. मधल्या दालनाच्या एका बाजूला उभे राहून खालून वर मोजत जा. खाली मोठे खांब ४. त्यांच्यावर सज्जात ६. त्याच्यावर भिंतीत खिडक्यांची एक ओळ ७ ची, तिच्यावर दुसरी ५ ची. ४, ६, ७, ५. एकाच्या डोक्यावर दुसरा येतच नाही. आपली नजर सवयीने भार शोधत खाली उतरते: हे कशावर उभं आहे, आणि ते कशावर? इथे नजर दर मजल्याला चुकते, आणि दोन-तीनदा चुकली की शोध सोडून देते.

चौथी: खांबांची शिरं. त्यांवरची पानं इतकी खोल कोरलीत की दगडाची जाळी मागच्या अंधारावर अंथरल्यासारखी दिसते. वजन पेलणारा दगड लेससारखा दिसायला लागतो. त्या जाळीत मधेच जस्टिनियन आणि राणी थिओडोरा यांच्या नावांची गुंफलेली अक्षरं आहेत. एवढ्या विरक्त वातावरणात मालकाने नाव घालायचं काही सोडलं नाही.

चौकोनी जागेवर गोल घुमट बसतो कसा?

चार खांबांवर चार कमानी उभ्या करा. दोन कमानींच्या मधे कोपऱ्यात जी जागा उरते ती वर रुंद आणि खाली टोकदार होत जाणाऱ्या, आतून वाकलेल्या त्रिकोणाने भरा. असे चार त्रिकोण वर एकमेकांना भेटतात तेव्हा पूर्ण वर्तुळ तयार होतं, त्यावर घुमट. या त्रिकोणांना पेंडेंटिव्ह म्हणतात. रोममधल्या पँथिऑनचा घुमट याहून मोठा आहे, ४३ मीटर व्यासाचा, पण तो गोल आणि जाडजूड भिंतीवर बसलाय आणि उजेड मुख्यतः माथ्यावरच्या एका भोकातून येतो. भिंत गेली, तिच्या जागी कमानी आल्या, म्हणून हागिया सोफियात घुमटाखालची जागा पूर्व-पश्चिम अर्धघुमटांत वाहत जाऊ शकते. ती जागा कुठे संपते हे दारातून पहिल्या नजरेत सांगता येत नाही.

तो घुमट पडला होता ना?

हो. पहिला घुमट आजच्यापेक्षा चपटा होता आणि त्यामुळे बाहेर जास्त रेटा देत होता. त्यात ५५३ आणि ५५७ चे भूकंप. ५५८ च्या मे महिन्यात त्याचा भाग कोसळला. मूळ इसिडोरच्या पुतण्याने, त्याचंही नाव इसिडोरच, सुमारे ६ मीटर जास्त उंचीचा घुमट बांधला आणि ५६२ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. पुढे दहाव्या शतकात पश्चिमेकडचा काही भाग पडला, तो त्रदात नावाच्या आर्मेनियन वास्तुकाराने दुरुस्त केला. १३४६ मध्ये पूर्वेकडचा पडला. ऑटोमन काळात बाहेरून टेकूच्या भक्कम भिंती आल्या. घुमटाचं वर्तुळ आता नीट गोलही राहिलेलं नाही.

या सगळ्या डागडुजीत खिडक्यांचा बळी गेला. काही बुजवल्या, काही लहान केल्या, काहींसमोर टेकू उभे राहिले. आज आत जो उजेड दिसतो तो जस्टिनियनच्या चर्चमधल्यापेक्षा बराच कमी आहे. "गूढ अंधार" असं ज्याचं कौतुक होतं त्यातला मोठा वाटा दुरुस्तीचा आहे, मूळ कल्पनेचा नाही.

मोझेकमध्ये खरं सोनं असतं का?

असतं, पण आपण समजतो तितकं नाही. आपल्याकडे मोझेक म्हटलं की जुन्या घरांमधली ठिपक्यांची फरशी आठवते. इथलं मोझेक वेगळं. एक तुकडा हातात घेतला आहे असं समजा. आकार करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान. खाली काचेचा जाड थर, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर पुन्हा काचेचा अगदी पातळ पापुद्रा. हे सगळं भट्टीत एकजीव करून मग हातोडीने तुकडे पाडलेले. वर्ख मिठाईवर लावतात तसा तलम, म्हणून सोनं थोडंच लागतं. वरच्या काचेमुळे ते घासलं जात नाही, आणि उजेडाला आत जाऊन परत यावं लागत असल्याने चमक पृष्ठभागावरची न वाटता खोलातली वाटते.

खरी करामत तो बसवण्यात आहे. कारागीर ओल्या चुन्याच्या गिलाव्यात एकेक तुकडा अंगठ्याने दाबतो, आणि दाबताना तो सपाट बसू देत नाही. उंच भिंतीवर तुकडा सपाट बसवला तर वरच्या खिडकीतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर जाईल, खाली उभ्या माणसापर्यंत पोचणारच नाही. म्हणून तुकडा किंचित खाली झुकवायचा, अर्घ्य देताना ओंजळ झुकते तसा. प्रत्येक तुकड्याचा झुकाव हाताच्या दाबाने जरा जरा वेगळा होतो. त्यामुळे एका वेळी सगळे तुकडे चमकत नाहीत. आपण एक पाऊल पुढे टाकलं की काही विझतात आणि त्यांच्या शेजारचे पेटतात. घुमटात आणि अर्धघुमटात हे काम वक्राकार आपोआप करतो.

हागिया सोफियात सोन्याच्या मधे चांदीचे तुकडेही पेरलेले आहेत. सलग पिवळा रंग डोळ्याला जड वाटला असता, चांदीमुळे तो हलका होतो. चेहऱ्यासाठी मात्र काच फारशी वापरत नसत, तिथे दगडाचे बारीक, मंद तुकडे येतात. सगळीकडे लखलखाट आणि त्यात न चमकणारा एक चेहरा. नजर तिथेच जाऊन थांबते.

फोटोत हे सगळं पिवळ्या ऑइलपेंटसारखं येतं, त्याला इलाज नाही.

पण उपासना तर पहाटे आणि रात्रीही होत असणार. तेव्हा काय?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. आपण ही चर्च दिवसा दहा ते पाच या वेळात, तिकीट काढून बघतो. ती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ज्योतीचा उजेडही होता.

दिव्यांचं स्वरूप आपल्याला परकं नाही. काचेची हंडी, तळाशी पाणी, वर तरंगणारं तेल, त्यात वात. अशा कितीतरी हंड्या भोकं पाडलेल्या धातूच्या चकतीत बसवायच्या आणि ती चकती साखळ्यांनी टांगायची. पॉल नावाचा दरबारी कवी, ज्याला पॉल द सायलेंशियरी म्हणतात, त्याने ५६२ च्या पुनरुद्घाटनानंतर हागिया सोफियावर एक लांबलचक काव्य दरबारात म्हटलं. त्यात दिव्यांचं वर्णन पानभर आहे: घुमटाखाली साखळ्यांनी लटकणारी चांदीची चक्रं, क्रूसाच्या आकाराचे दिवे, झाडांसारखे दिव्यांचे स्तंभ. रात्री खिडक्यांतून बाहेर पडणारा उजेड खलाशांना दिसे, असंही तो म्हणतो. म्हणजे दिवसा आत येणारा उजेड रात्री त्याच खिडक्यांनी बाहेर जायचा.

ज्योत थरथरते आणि सोन्याचे तिरके तुकडे ती थरथर हजार ठिकाणी पकडतात. धुपाचा धूर वर चढला की मोझेकमधले संत श्वास घेतायत असं वाटायला लागतं. स्थिर विजेच्या दिव्याखाली यातलं काही घडत नाही.

ग्रीसमधल्या एथॉस पर्वतावरच्या मठांत हे अजून बघायला मिळतं (बायकांना तिथे प्रवेश नाही, त्यामुळे निम्म्या वाचकांना नाहीच). मोठ्या सणांच्या रात्रभर चालणाऱ्या उपासनेत घुमटाखाली टांगलेलं पितळेचं भलंमोठं कडं, ज्यावर मेणबत्त्या लावलेल्या असतात, ते साधू मुद्दाम काठीने ढकलून झुलवतात. विशिष्ट स्तोत्रं सुरू झाली की झोके सुरू. सगळ्या सावल्या, सगळ्या चमका फेर धरतात. सगळं घुमटासकट डोलायला लागतं.

ग्रीसमध्ये पाहिलेली चर्च तर लहान आणि बरीच अंधारी होती. मग उजेडाचं एवढं काय?

निरीक्षण बरोबर आहे. हागिया सोफियाएवढा घुमट बायझंटाइन लोकांनी पुन्हा कधीच बांधला नाही. नवव्या शतकानंतरची चर्च आटोपशीर आहेत. ग्रीसमधलं ओसिओस लुकास किंवा अथेन्सजवळचं दाफनी, दोन्ही अकराव्या शतकातली, त्यांचे घुमट ८-९ मीटरचे. पैसा कमी झाला हे कारण आहेच, पण मठांतल्या लहान समूहाला मोठी जागा नकोच होती.

इथे खेळ उलटा आहे. खाली सावली, मधे अर्धवट उजेड, आणि सगळ्यात उजळ जागा घुमटाच्या गळ्याशी, जिथे खिडक्या आहेत. त्या कडीच्या वर घुमटाच्या पोटात ख्रिस्ताचा चेहरा. त्याला पँटोक्रेटर म्हणतात, म्हणजे सर्वसत्ताधीश. दाफनीचा पँटोक्रेटर कपाळाला आठ्या घालून खाली बघतो. खिडक्यांचा उजेड आपल्या डोळ्यांवर येत असल्याने तो चेहरा आधी नीट दिसत नाही. थोडं थांबलं, डोळे सरावले, की हळूहळू उमटतो, आणि लक्षात येतं की आपल्या आधीपासून तो आपल्याकडे बघतोय. प्रशस्त जागेत माणूस हरवतो, या लहान जागेत माणूस सापडतो. माझं मत विचाराल तर मला दुसरा अनुभव जास्त भिडतो.

चित्रांची जागाही ठरलेली असे: वर ख्रिस्त, वेदीमागच्या अर्धघुमटात मरियम, मधल्या उंचीवर ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग, आणि खाली, उभ्या माणसांच्या जवळ, संत. वरून खाली येताना उजेडही कमी होत जातो.

उपासक नेमके कुठे उभे राहत? त्यांना हे सगळं दिसत होतं का?

बाकं नव्हती. लोक उभे असत आणि इकडे-तिकडे सरकत. बाजूची दालनं आणि वरचे सज्जेही वापरात होते. स्त्रियांच्या जागा बहुधा तिथे असत. म्हणजे बहुतेकांना पूर्ण दृश्य एका जागेवरून कधीच दिसायचं नाही. खांबांच्या रांगेतून, पडद्याआडून, तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं.

८६४ च्या सुमारास राजवाड्यातलं एक नवं चर्च उघडलं तेव्हा धर्मप्रमुख फोशियस याने प्रवचनात एक सुंदर निरीक्षण नोंदवलंय. आत शिरल्यावर चर्चच गरगर फिरतंय असं वाटतं, असं तो म्हणतो, आणि लगेच कारणही देतो: सगळीकडे बघण्यासारखं इतकं आहे की बघणारा स्वतःच चहूकडे वळत राहतो, आणि आपलं फिरणं तो वास्तूला चिकटवतो. इतकं नेमकं वर्णन आजच्या वास्तुतज्ज्ञांनाही क्वचित जमतं.

रशियाच्या दूतांची गोष्ट खरी आहे का?

कीव्हचा राजा व्लादिमीर याने धर्म निवडायला माणसं पाठवली, ती कॉन्स्टँटिनोपलहून परत येऊन म्हणाली की आम्ही स्वर्गात होतो की पृथ्वीवर हेच कळेना, ही ती गोष्ट. घटना ९८७ च्या सुमाराची, लिहिली गेली बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणून शब्दशः घेऊ नये. व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यामागे बायझंटाइन राजकन्येशी लग्न आणि राजकारणही होतं. पण लिहिणाऱ्याला धर्म बदलण्याचं पटेल असं कारण म्हणून एक वास्तू आणि तिच्यातली उपासना सुचली, हे काही कमी नाही.

आपल्या कोल्हापूरच्या किरणोत्सवासारखं तिथे काही असतं का?

अंबाबाईच्या देवळात ठरावीक दिवशी मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून मूर्तीच्या चरणांपासून वर चढतात. बायझंटाइन चर्चमध्ये एका दिवसाच्या एका किरणावर तशी भिस्त नसते. वेदी पूर्वेला, तिच्यामागे खिडक्या, त्यामुळे सकाळच्या उपासनेत ऊन वेदीच्या मागून येतं आणि धुपाच्या धुरात त्याचे पट्टे दिसतात. हे रोजचं.

त्यांचा खरा उजेडाचा सण मध्यरात्री असतो. ईस्टरच्या रात्री ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधले सगळे दिवे मालवतात. मिट्ट काळोखात धर्मगुरू वेदीकडून एक पेटती ज्योत घेऊन बाहेर येतो, पहिला माणूस तिच्यावर आपली मेणबत्ती लावतो, तो शेजाऱ्याला देतो, आणि काही मिनिटांत चर्च उजळून लोक ज्योत सांभाळत, वाऱ्याला हात आडवा धरत, घरी निघतात.

या उजेडामागे धर्मविचार होता की नुसती सजावट?

होता, आणि बराच सूक्ष्म. इ.स. ५०० च्या आसपास डायोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने देवापासून पायरी-पायरीने खाली झिरपणाऱ्या प्रकाशाची मांडणी केली. वाचताना घुमटाखालच्या अर्धघुमटांवरून उतरणारा उजेडच आठवतो. पण एखाद्या विशिष्ट इमारतीचा आराखडा ते वाचून काढला असं म्हणणं धाडसाचं होईल.

मला जास्त बोलकं वाटतं ते इजिप्तमधल्या सिनाई पर्वताखालच्या सेंट कॅथरिन मठाचं मोझेक, जस्टिनियनच्याच काळातलं. प्रसंग आहे ख्रिस्त डोंगरावर शिष्यांसमोर तेजाने उजळतो तो. ख्रिस्ताभोवती निळ्या छटांचं अंडाकृती वलय आहे. आपण काय करू? मधे सर्वांत फिका रंग देऊ, कारण तेज तिथून निघतंय. या कारागिराने उलट केलं. वलय मध्याकडे गडद होत जातं. तेजाच्या अगदी जवळ गेलं की डोळ्याला अंधारच जाणवतो, असं त्याला म्हणायचं असावं.

आवाजाचं काय?

हागिया सोफियात टाळी वाजवली तर नाद विरायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. भाषणासाठी ही जागा भयंकर. संथ, लांबवलेल्या गायनासाठी मात्र अशी जागा शोधून सापडायची नाही. एक स्वर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो आणि गाणारा कुठे उभा आहे ते कळेनासं होतं. उजेडाचा उगम लपतो तसाच आवाजाचाही.

मशीद झाल्यावर आत काय बदललं?

१४५३ नंतर मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), मिंबर (प्रवचनाचा उंच चौथरा), मिनार आले आणि मानवाकृतींची मोझेक हळूहळू चुन्याखाली गेली. १९३० च्या दशकात तिथे संग्रहालय झालं, २०२० पासून पुन्हा मशीद आहे. एक बारीक गोष्ट आवर्जून बघा. चर्चचा अक्ष वेदीकडे जातो, पण मक्केची दिशा त्याच्या किंचित उजवीकडे आहे. म्हणून मिहराब अर्धघुमटाच्या मधोमध नाही, जरा सरकून बसलाय, आणि जमिनीवरच्या सतरंज्यांच्या रेषाही तिरक्या आहेत. एकाच घुमटाखाली दोन दिशा.

पायाखालचा संगमरवर आता गालिच्याखाली आहे. त्यावरच्या करड्या लाटांसारख्या रेषा जुन्या लेखकांना समुद्र वाटत. ते नुकसान मला खटकतं, कारण उजेड वर परतवण्यात त्या फरशीचा वाटा होता.

गोव्यातली चर्च बायझंटाइन आहेत का?

नाहीत. ती पोर्तुगीजांबरोबर आलेली रेनेसाँ आणि बरोक वळणाची आहेत. तिथलं सोनं कोरीव लाकडी वेदीवर असतं, मोझेकवर नाही. मुंबईचं अफगाण चर्च गॉथिक. तरी जुन्या गोव्यात काही ठिकाणी काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या लावलेली तावदानं आहेत, ती जरूर पाहा. दुपारचं कडक ऊन त्यांतून येताना दुधाळ होतं. उजेड आत घेताना तो मऊ करून घ्यायचा, ही गरज दोन्हीकडे सारखीच.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे आणि कसं?

हागिया सोफियात परदेशी पर्यटकांना सध्या तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं, खालचं दालन नमाजासाठी आहे. सज्जातून घुमट जवळ दिसतो, पण खालून वर बघण्याचा धक्का हुकतो, हे मनाशी धरून जा.

तो धक्का हवा असेल तर जवळच, टोपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकात हागिया आयरीन आहे. आत सोनं जवळपास नाही, अर्धघुमटात फक्त एक मोठा क्रूस, चर्चमधल्या धार्मिक चित्रांना बंदी होती त्या काळातला. बाकी उघड्या विटा. चित्रं नसल्यामुळे नुसती जागा आणि नुसता उजेड समजून घ्यायला याहून चांगला वर्ग नाही. बरेच लोक तिच्यासमोरून राजवाड्याकडे धावतात.

मोझेकसाठी इटलीतलं राव्हेन्ना. सान व्हिताले, ५४७ मधलं आठकोनी चर्च, सकाळी पाहा. तिथे जस्टिनियन आणि थिओडोरा समोरासमोर आहेत, जरी दोघांनी त्या शहरात कधी पाऊल ठेवलं नाही. मग त्याच आवारातली गाला प्लासिडियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी विटांची बुटकी इमारत. बाहेरून एखादं गोदाम वाटावं अशी. आत गडद निळं छत, त्यावर सोन्याचे तारे, आणि खिडक्यांच्या मधाच्या रंगाच्या अलाबास्टर दगडाच्या पातळ तावदानांतून झिरपणारा उजेड. ही तावदानं मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली आहेत, गाइड सांगत नाहीत. आत शिरल्यावर पहिला मिनिटभर काही दिसणार नाही. गट लगेच बाहेर पडायला लागतो. तुम्ही भिंतीला टेकून थांबा, मोबाइल खिशात ठेवा. दारातून पुढचा माणूस आत येईल, त्याच्या अंगाने दारातला उजेड क्षणभर अडेल, आणि छतावरचे काही तारे विझून पुन्हा लागतील.